आधी नाव विचार, मग फोटो काढ

अगं, आधी तुझं मनापासून अभिनंदन. पहिल्याच वर्षी कॉलेजच्या अंकासाठी फोटो काढायची जबाबदारी मिळणं ही साधी गोष्ट नाही. पण त्या बातमीखाली तू जे दोन प्रश्न लिहिलेस, ते मला जास्त महत्त्वाचे वाटले. एक, 'ताई, वर्गात अजून धड चौघींशी ओळख नाही, मग अनोळखी माणसासमोर कॅमेरा कसा धरू?' आणि दुसरा, 'कुठं राहतेस असं कुणी विचारलं की अक्कलकोट रोड एमआयडीसी म्हणायला जीभ रेटत नाही. काय सांगू?' या दोन्हींचं उत्तर माझ्या मते एकच आहे. कॅमेरा उचलण्याआधी समोरच्याचं नाव विचारायचं आणि आपलं नाव-गाव सांगायचं. वाचायला सोपं वाटेल, पण हे अंगवळणी पडलं की कॉलेजही आपलं होतं आणि फोटोही चांगले येतात. कसं, ते सांगते.

पहिलं सत्र सगळ्यांनाच जड जातं, बाळा. शाळेत बाकावरची जागासुद्धा ठरलेली असते. कॉलेजात तास संपला की वर्ग बदलतो आणि वर्ग बदलला की शेजारची मुलगी बदलते. त्यात नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट हे सगळे शब्द एकदम अंगावर येतात. कुणाला विचारावं तर 'एवढंही माहीत नाही का' म्हणतील ही धास्ती. इंग्रजीतून शिकवलेलं अर्धं कळतं, अर्धं निसटतं. कॅन्टीनमध्ये बघावं तर सगळ्यांचे गट आधीच जमलेले, मग आपण डबा घेऊन जिन्यात बसतो. हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय असं तुला वाटतं. बार्शीहून, मंगळवेढ्याहून आलेल्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींना एकदा विचारून बघ. त्यांचंही असंच चाललेलं असतं, फक्त त्या बोलून दाखवत नाहीत.

तुझ्याकडे मात्र एक सोय आहे, जी त्यांच्याकडे नाही. कुणाशीही बोलायला जायला तुझ्याकडे कारण आहे. 'मी अंकासाठी फोटो काढते, तुमचं नाव काय?' एवढ्या एका वाक्यावर दार उघडतं. सुरुवात शिपाईमामांपासून कर. ग्रंथालयात पुस्तकं काढून देणारे काका, कॅन्टीनमध्ये चहाचं पातेलं सांभाळणाऱ्या मावशी, फाटकावरचे वॉचमन, प्रयोगशाळेतले मदतनीस, यांच्याशी आधी ओळख कर. ही माणसं सकाळी सगळ्यांच्या आधी येतात आणि सगळ्यांच्या नंतर जातात. सभागृहाची किल्ली कुणाकडे असते, कुठल्या खिडकीतून दुपारी चांगला उजेड येतो, कोणता वर्ग कधी रिकामा असतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्यांचे फोटो काढून खाली नाव आणि काम लिही. अंकाचं एक पान तेवढ्यावर उभं राहील, आणि मधल्या सुट्टीत तुला नावाने हाक मारणारी चार माणसं कॉलेजात तयार होतील. घरापासून दूर असल्यासारखं वाटतं ना, ते त्या हाकेने कमी होतं.

मैत्रीचं म्हणशील तर कामातून झालेली मैत्री टिकते. अंकात बातमी लिहिणारी एखादी मुलगी असेलच, तिच्याशी जोडी जमव. ती प्रश्न विचारेल तेव्हा समोरच्याचं लक्ष तिच्याकडे असतं, आणि तुला चेहरा मोकळा मिळतो. तू फोटो काढत असतेस तेव्हा ती नावं आणि हुद्दे लिहून घेते. दोघी मिळून गेलात की घरचेही निश्चिंत राहतात. हा अंक लहान आहे, भित्तिपत्रकासारखा आहे, कोण वाचतंय, असं म्हणणारे भेटतील. त्यांचं मनावर घेऊ नकोस. सोलापूरच्या ज्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, त्यांतले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत होते आणि ऐन विशीत होते. आपल्या गावात लहान पत्रांनी मोठी कामं केलेली आहेत.

एक मात्र बजावून सांगते. फोटोच्या नावाखाली तास बुडवू नकोस. हजेरीची ७५ टक्क्यांची अट सत्राच्या शेवटी आठवून उपयोग नसतो. कार्यक्रम असेल त्या दिवशी कोणता तास चुकणार आहे ते त्या मॅडमना आदल्या दिवशीच सांगायचं आणि वही कुणाची घ्यायची हेही ठरवून ठेवायचं. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, त्याची कागदं, त्याची मुदत हे सगळं वेळेत बघ, त्यासाठी कार्यालयाच्या खिडकीवर पुन्हा पुन्हा जावं लागलं तरी जा. कुणी सीनियर म्हणून त्रास देत असेल, गाणं म्हणायला लाव, नक्कल करायला लाव असं करत असेल, तर ती गंमत नाही, ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. १८००-१८०-५५२२ हा देशभरचा मदतीचा नंबर फोनमध्ये जपून ठेव, आणि आधी कॉलेजातल्या ज्या मॅडम तुला जवळच्या वाटतात त्यांना सांग.

आता अंकाकडे येऊ. सुरुवातीला तुझ्याकडे कार्यक्रमांचे फोटो येतील. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, बक्षीस, समूहफोटो. हे फोटो कंटाळवाणे म्हणून टाळू नकोस. प्राचार्यांना ते हवे असतात, पाहुण्यांना हवे असतात, आणि ते नीट काढणं हेही कौशल्य आहे. पाहुण्यांचा हात वातीजवळ जायच्या आधी तू समईच्या पलीकडे जागा धरलेली असायला हवी. मोबाइलने काढत असशील तर ज्योतीवर बोट ठेवू नकोस, चेहऱ्यावर ठेव, नाहीतर ज्योत झकास येते आणि माणसं काळी पडतात. हा फोटो झाला की व्यासपीठाकडे पाठ कर आणि सभागृहाकडे बघ. आपलं नाव पुकारतील म्हणून ओढणीचं टोक पिळत बसलेली मुलगी, मागच्या दाराशी उभ्या राहून लेकाचं बक्षीस बघणाऱ्या आई, सगळ्या खुर्च्या लावून झाल्यावर स्वतः मात्र भिंतीला टेकून उभे असलेले शिपाईमामा. वर्षानंतर अंक चाळताना लोक याच फोटोंवर थांबतात.

छपाईचंही थोडं समजून घे. वृत्तपत्री कागद शाई पितो, त्यामुळे फोटो संगणकावर दिसतो त्यापेक्षा काळपट उतरतो. म्हणून जरा उजळ करून द्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो धाडला की त्याचा दर्जा उतरतो. डॉक्युमेंट म्हणून धाड किंवा पेन ड्राइव्हने दे. कॉलेजच्या कॅमेऱ्यातलं कार्ड फॉरमॅट करायचं ते फोटो दोन ठिकाणी उतरवून झाल्यावरच. कॅमेरा घेतल्याची आणि परत केल्याची नोंद वहीत सहीनिशी करायची, बॅटरी चार्ज करूनच परत द्यायची. आणि एक नियम कायमचा: फोटोत नव्हतं ते आणायचं नाही, होतं ते पुसायचं नाही. कडेचं कापलं, उजेड कमी-जास्त केला, तर चालतं. मागे उभा असलेला माणूस पुसून टाकला तर ती बातमी राहत नाही.

आणि आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण तो माझ्याही जिव्हाळ्याचा आहे. मीही याच रस्त्यावर वाढले. एमआयडीसी म्हटलं की वर्गातल्या मुलींच्या डोळ्यांपुढे धूर, ट्रक आणि धूळ येते, आणि तुला वाटतं की त्या धुळीत आपणही दिसतो. पण अगं, सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल हे नाव घेऊन आपलं गाव देशभर ओळखलं जातं, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि त्यातला केवढा तरी माल आपल्या घराशेजारच्या शेडमध्ये विणला जातो. तुझ्या वर्गातल्या प्रत्येकीच्या घरी तो टॉवेल दोरीवर वाळत असेल. तो कुणी विणला ते त्यांना माहीत नाही, तुला माहीत आहे. अंकासाठी फोटो काढणाऱ्या मुलीकडे यापेक्षा मोठं भांडवल काय असतं?

बाबा मागावर काम करतात त्या टॉवेलच्या कारखान्यात तू लहानपणापासून डबा पोचवायला जातेस. आता एकदा बघायला जा. टॉवेलच्या मागावर उभ्या धाग्यांचे दोन बीम असतात. एकावरचे धागे घट्ट ताणलेले, दुसऱ्यावरचे सैल सोडलेले. त्या सैल धाग्यांचेच बारीक फासे वर उठतात आणि टॉवेल मऊ होतो, पाणी टिपतो. मध्येच धागा तुटतो आणि माग थांबतो. तेव्हा बाबा काय करतात ते नीट बघ. डोळे बारीक करून वाकतात, शेकडो धाग्यांतून तुटलेलं टोक बोटांनीच हुडकतात, अंगठा आणि तर्जनीत दोन्ही टोकं धरून गाठ मारतात, उरलेला दोरा तोडतात आणि हाताने माग पुन्हा सुरू करतात. भुवयांवर रुईचा पांढरा थर बसलेला असतो, तो पुसायलाही हात मोकळा नसतो. हे सगळं इतक्या झटपट होतं की बाहेरून आलेल्या फोटोग्राफरला कळायच्या आत संपतं. तुला मात्र आवाजावरून कळतं की माग आता थांबला. म्हणून तो फोटो तूच काढू शकतेस.

तिथे फोटो काढताना काही गोष्टी सांभाळ. आधी कारखानदारांची परवानगी, तीही कॉलेजच्या पत्रासह. लपूनछपून काढलेल्या फोटोचा त्रास तुला होत नाही, आत काम करणाऱ्यांना होतो. ओढणी घरी ठेव किंवा घट्ट बांध, केस बांध, पायात बूट घाल. पट्टे आणि फिरते भाग कुणाची गय करत नाहीत. फ्लॅश अजिबात मारू नकोस, मागावरचा माणूस दचकला तर हात जातो. शेडमधल्या ट्यूबचा उजेड आपल्याला स्थिर वाटतो, पण आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तो सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतो. शटर फार वेगाचं ठेवलंस तर फोटोवर आडवे पट्टे उमटतात. १/५० किंवा १/१०० वर ठेव, आयएसओ १६०० च्या पुढे न्यावा लागला तरी ने. थोडे दाणे आले तर येऊ देत. माग हलताना दाखवायचा असेल तर शटर १/१५ पर्यंत खाली आण, कोपर भिंतीला टेकव. कापड फिरतं दिसेल आणि माणूस स्थिर राहील. रुई कॅमेऱ्यात जाते, म्हणून शेडमध्ये लेन्स बदलायची नाही आणि कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधायची. मोबाइल असेल तर दर थोड्या वेळाने लेन्स मऊ फडक्याने पुसायची.

शेडबाहेरही फोटोच फोटो आहेत. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायका शिलाई मशीनवर ओळीने बसलेल्या असतात. घराच्या उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या अक्का तुझ्याच गल्लीत आहेत. त्यांचा कात्रीने पान कापणारा हात आणि गप्पा मारणारं तोंड दोन्ही एका वेळी चालतं. पुढे कुंभारीला विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं संघर्ष करून मिळवलेली घरं आहेत. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला पायी निघालेली माणसं याच रस्त्याने जातात, आणि त्यांना पाणी देणारी माणसंही इथलीच असतात. यातलं काहीही कॉलेजच्या अंकात आलं तर तो अंक घरी नेऊन दाखवावासा वाटेल, नुसता फाइलला लागणार नाही.

नाव विचार असं मी पुन्हा पुन्हा म्हणतेय, त्याचं आपल्याकडे आणखी एक कारण आहे. आपल्या पूर्वभागात घराघरात तेलुगू बोलतात, शेजारी कन्नड असतं, पलीकडे दखनी उर्दू, आणि शाळेत मराठी. चार भाषांच्या या गावात आडनाव चुकीचं छापलं जाण्याची सवय लोकांनी करून घेतली आहे. तू ती मोडायची. नाव ऐकलं की लिहायचं, लिहिलं की त्यांनाच वाचून दाखवायचं, त्यांना वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला दाखवायचं. फोटोखालच्या ओळीत कोण, काय करताहेत, कुठे आणि केव्हा हे चार शब्द असलेच पाहिजेत. 'एक महिला कामगार' असं लिहून सोडायचं नाही. त्या बाईंनी नाव छापू नका असं सांगितलं तर मात्र छापायचं नाही, आणि फोटोच नको म्हणाल्या तर हसून 'बरं अक्का' म्हणायचं आणि कॅमेरा खाली घ्यायचा. त्या दिवशी फोटो मिळत नाही, पण पुढच्या खेपेला बहुतेक वेळा मिळतो. कामावर लहान मूल दिसलं तर त्याचा चेहरा छापू नकोस. आधी अंकाच्या मार्गदर्शक सरांशी बोल. आणि अत्याचार झालेल्या मुलीची किंवा बाईची ओळख पटेल असा फोटो छापणं हा कायद्याने गुन्हा आहे, हे अंकातल्या सगळ्यांनाच सांगून ठेव.

जसं दुसऱ्याचं नाव, तसंच तुझंही. फोटोखाली 'छायाचित्र' असं लिहून तुझं नाव यायला हवं, आणि ते तू मागायला हवंस. होमाई व्यारावाला हे नाव तू ऐकलं असशील. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, नवसारीचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. कॉलेजात असतानाच त्यांना पहिलं काम मिळालं ते एका सहलीचे फोटो काढायचं, आणि ते फोटो मुंबईच्या वर्तमानपत्रात छापून आले. बघ, सुरुवात तुझ्यासारखीच आहे, कॉलेजच्या वयात आणि आजूबाजूच्या बायका-माणसांच्या फोटोंनी. पण सुरुवातीच्या काळात त्यांचे बरेचसे फोटो पती माणेकशा यांच्या नावावर छापले जात. पुढे दिल्लीत साडी नेसून, सायकलवर कॅमेऱ्याचं ओझं लादून त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातले ते सगळे फोटो काढले, आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांना जे नाव मिळवायला इतकी वर्षं लागली, ते तुला पहिल्या फोटोपासून मिळू शकतं. कायदाही तुझ्या बाजूने आहे: तू कुणाच्या नोकरीत नसताना आणि कुणाकडून मोबदला न घेता काढलेल्या फोटोचा हक्क तुझा असतो. म्हणून संकोच न करता, नम्रपणे, पण दर वेळी विचार, 'सर, फोटोला नाव टाकाल ना?'

काम करणाऱ्या माणसांचे फोटो कसे काढायचे हे शिकायचं असेल तर सुधारक ओलवे यांचं काम बघ. मुंबईतल्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षं जाऊन, त्यांच्या घरी बसून त्यांनी फोटो काढले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या फोटोंतली माणसं तुझ्या नजरेला नजर देतात, कारण ती त्यांच्या ओळखीची आहेत. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळावर तर मराठीतूनही वाचता येतं, आणि तिथे विद्यार्थ्यांनी केलेलं कामही छापतात. कॉलेजच्या ग्रंथालयात, संगणकावर, मोकळ्या तासाला एकेक बघत जा. फोटो कसा काढलाय त्याआधी, फोटो काढणारा किती जवळ गेलाय ते बघ.

आता थोडं जड बोलते. १८ मे २०२५ च्या पहाटे आपल्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालक, त्यांच्या घरची माणसं, कामगार कुटुंबातली माणसं, त्यांत तान्हं मूलसुद्धा. काम आणि राहणं एकाच आवारात होतं. आपल्या भागात असं राहणारे कितीतरी आहेत, हे तुला मी सांगायला नको. उद्या तू अंकाची फोटोग्राफर म्हणून अशा जागी पोचलीस तर काय करायचं हे आजच ठरवून ठेव. सगळ्यांत आधी फोन, १०१ ला किंवा ११२ ला. बंबाची आणि रुग्णवाहिकेची वाट अडेल अशी कुठेही उभी राहू नकोस. मृतदेहाचा फोटो काढायचा नाही. हंबरडा फोडणाऱ्या आईच्या तोंडासमोर कॅमेरा धरायचा नाही. तिला तेव्हा पाणी हवं असतं. पाइप ओढणारे जवान, भिंत फोडणारे शेजारी, रस्त्यावर रात्रीच्या कपड्यांत उभी असलेली वस्ती, हे दुरून काढता येतं आणि ते काढावंच.

पण खरं काम आगीच्या आधीचं आहे. आग लागली की सगळे कॅमेरे येतात. दाराशी गठ्ठे रचलेले आहेत, खिडकीला पक्की जाळी आहे, बाहेर पडायला दुसरी वाट नाही, अग्निशामक नळकांड्यावरची तारीख उलटून गेली आहे, याचे फोटो मात्र कुणी काढत नाही. आणि हे फक्त कारखान्यातच असतं असं नाही. तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेचं मागचं दार उघडतं का? हॉस्टेलच्या जिन्यात मोडक्या खाटा रचल्यात का? सभागृहाच्या आपत्कालीन दाराला कुलूप आहे का? परवानगी घेऊन, कुणाला दोषी न ठरवता, चार सरळ फोटो आणि त्याखाली चार सरळ ओळी. असा एक अंक निघाला आणि एक कुलूप जरी निघालं, तरी तुझ्या वर्षभराच्या कामाचं सार्थक झालं असं मी म्हणेन.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा येईल आणि अंकाला सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांचे फोटो हवेच असतील. तिथली गर्दी तू जाणतेस. मोठ्या वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर, मोबाइल उंचावलेले हजारो हात, आणि त्यात मुलीला ढकलून पुढे जाणारेही. रेटारेटीत शिरू नकोस. आदल्या दिवशी मार्ग चालून बघ, वाटेवरच्या एखाद्या घरी जाऊन काकूंना विचार, 'तुमच्या गॅलरीतून फोटो काढू का?' सोलापूरचं घर सणाच्या दिवशी नाही म्हणत नाही. वरून मिरवणूक मिळेल, आणि खाली उतरलीस की पांढऱ्या बाराबंदीतल्या मानकऱ्यांचे ताणलेले खांदे, ध्वज पेलताना आवळलेले ओठ मिळतील. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात स्पॉट फोटोग्राफीची स्पर्धा असते, त्यातही भाग घे. विषय जागेवर देतात, ठरलेल्या वेळात फोटो काढायचे, संगणकावर जोडकाम चालत नाही. यात्रेच्या गर्दीत उभी राहिलेली मुलगी तिथे गांगरत नाही.

घरचंही सांभाळून घे. आई काळजी करते म्हणून चिडू नकोस. कार्यक्रम कुठे आहे, कोण बरोबर आहे, संपणार कधी आणि अशोक चौकातून घरी कशी येणार, हे सकाळी निघतानाच सांग. उशीर होणार असेल तर घ्यायला कोण येईल ते आधी ठरव. शेअर रिक्षात एकटी उरत असशील तर आधीच्या थांब्यावर उतर आणि फोन कर. अंक निघाला की पहिल्यांदा घरी दाखव, आपली मुलगी नेमकं काय करते हे आई-बाबांना कळू दे. कळलं की तेच पुढच्या वेळी म्हणतील, 'जा, पण लवकर ये.'

शेवटी एकच मागणं. ज्या ज्या माणसाचा फोटो अंकात छापून येईल, त्याला त्या अंकाची एक प्रत स्वतः नेऊन दे. शिपाईमामांना, विडीवाल्या अक्कांना, मागावरच्या काकांना. प्रती कमी असतील तर त्या पानाची झेरॉक्स काढ आणि ती दे. आपला फोटो, खाली आपलं बरोबर लिहिलेलं नाव, हे कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा छापलेलं पाहिलेलं असेल. एखादा तास कमी झोप, एखादा चहा कमी पी, पण हे काम मात्र कधी चुकवू नकोस.